हुस्नाआपा आणि दोघींचं आमंत्रण

हुस्ना परकार यांना एकटीनं जेवता येत नाही. हा काही आजार नव्हे, पण कुवेतमध्ये त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही विचारा, तो आधी हेच सांगेल. त्या रसायनशास्त्राच्या डॉक्टर आहेत, समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या शास्त्रात त्यांच्या शब्दाला वजन आहे, या गोष्टी मागाहून. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडण्याआधी त्या दारात जाऊन कॉरिडॉरमध्ये नजर टाकतात. जो दिसेल तो आत. मग तो डीन असो की एसी दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक. "बसा हो, भाकरी जास्त झालीय," असं त्या रोज म्हणतात, आणि रोज भाकरी जास्त कशी होते हे विचारायची कुणाची छाती होत नाही.

तेजस्वी लोमटे त्याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवते. अंबाजोगाईची मुलगी, नाकासमोर चालणारी, बोलण्याआधी दहादा विचार करणारी. कुवेतमध्ये नवी नवी आली तेव्हा पहिल्याच गुरुवारी हुस्नाबाईंनी तिला विचारलं, "उद्या दुपारी काय करतेस गो?"

"काही नाही मॅडम."

"मग तयार राहा. न्यायला येते."

तेजस्वीला वाटलं, बाईंच्याच घरी जेवण असेल. गाडी जाऊन थांबली ती फहाहीलमध्ये, कुण्या तिसऱ्याच्याच दारात. रत्नागिरीकडच्या एका इंजिनियरच्या मुलाचा अकिका होता, बाळाचं जावळ काढून जेवण घालतात तो. ना ओळख ना देख, हातात साधं खेळणंसुद्धा नाही. तेजस्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गाडीतून उतरेचना. तोवर यजमानीणबाई बाहेर आल्या. हुस्नाबाई एवढंच म्हणाल्या, "ही माझी तेजू." बास. त्या बाईंनी तिला हाताला धरून आत नेलं आणि इतकं वाढलं की संध्याकाळपर्यंत तिला वाकता येईना. त्या दिवसापासून मॅडमच्या हुस्नाआपा झाल्या.

आता कुणी म्हणेल, हे आगंतुकपण झालं. कुवेतमध्ये बसून म्हणून दाखवा. तिथं एका जुन्या विद्यार्थ्यानं आपांना खैरानला समुद्रकाठच्या आपल्या शॅलेवर, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यावर, जेवायला बोलावलं होतं. आपा दोन गाड्या भरून माणसं घेऊन गेल्या. त्यात तेजस्वी होती, शेजारचं केरळी कुटुंब होतं, आणि नवऱ्याच्या रिफायनरीतला एक नवा मुलगाही होता. विद्यार्थ्याचा बाप दारात उभा. त्यानं गाड्यांकडं पाहिलं आणि तोंड पाडून म्हणाला, "एवढीच माणसं? आमच्यावर नाराज आहात का?" भाताचा थाळा दोघांनी उचलून आणावा लागेल एवढा. त्याभोवती सगळे बसले. आणखी चार आले असते तर मांड्या जरा आवळून घेतल्या असत्या. थाळ्यात कुणाचा वाटा कुठला, हे कुणी मोजत नाही.

आपांच्या रक्तातही ते होतंच. जन्म हर्णैचा. वडील जहाजावर स्वयंपाकी, वर्षाचे नऊ-दहा महिने दर्यावर. घरी आले की हौसेनं चुलीपाशी बसायचे, पण त्यांना चौघांपुरतं रांधताच यायचं नाही. सगळ्या खलाशांचं रांधायची सवय. मग आईला गल्लीभर निरोप धाडावा लागे. त्या घरातली मुलगी मुंबईला जाऊन एम.एस्सी. झाली, मजीद परकारांशी लग्न करून कुवेतला आली. मजीदभाई मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत. दोन पोरं वाढवता वाढवता, दर उन्हाळ्यात मुंबईच्या खेपा घालत त्यांनी डॉक्टरेट केली. एका पोराला कांजिण्या आल्या असताना प्रबंधाचा शेवटचा भाग लिहिला, असं मजीदभाई अभिमानानं सांगतात. शिकवताना त्या समुद्राचा घोट आणि नळाचा घोट मुलांना शेजारी शेजारी चाखायला लावतात. "हा फरक म्हणजे तुमचा देश," म्हणतात. त्यांच्या हाताखालून गेलेली कुवेती मुलं आज पाण्याच्या मोठमोठ्या प्लांटवर साहेब आहेत. रस्त्यात दिसली तर गाडी थांबवून उतरतात.

अशा या बाईंना जर्मनीतल्या एका तांत्रिक महाविद्यालयानं दोन आठवड्यांसाठी व्याख्यानांना बोलावलं. आपांनी उलट कळवलं, प्रयोग करून दाखवायला सहायक लागेल. वास्तविक ते प्रयोग त्या डोळे मिटून करू शकतात. पण तिथल्या विभागप्रमुख प्राध्यापक गुद्रून हुबर यांच्याकडं डॉक्टरेटची एकच जागा होती, आणि तेजस्वीनं तिथं अर्ज केलेला होता. तीन वर्षं ती दारोदार अर्ज करत होती. कुवेतमधलं तिचं कंत्राट या उन्हाळ्यात संपणार होतं आणि डॉक्टरेटशिवाय ते वाढणार नव्हतं. अंबाजोगाईहून आईचा फोन दर आठवड्याला यायचा, आता बास झालं, स्थळं बघतोय. ही जागा मिळाली तर पुढची वाट, नाही तर घर. मधलं काही नव्हतं.

पहिला आठवडा छान गेला. हुबरबाई म्हणजे उंच, करड्या केसांच्या, घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या. त्या हसल्या की आधी परवानगी घेऊन हसल्यासारख्या वाटत. आपांच्या व्याख्यानाला त्या पुढच्या रांगेत बसून भराभर टिपणं घेत. शुक्रवारी त्यांनी दोघींना बोलावून सांगितलं, "मी रेगेन्सबुर्गला राहते. जुनं शहर आहे, बघण्यासारखं. शनिवार-रविवार तुम्ही तिकडं या. शनिवारी तीन वाजता माझ्याकडं कॉफीला. मिस लोमटेंच्या अर्जाबद्दल मला थोडं बोलायचं आहे."

ही कॉफी म्हणजे मुलाखत, हे तेजस्वीला न सांगता कळलं. आपा मात्र खूश. "घरी बोलावलं म्हंजे अर्धं काम झालं गो," असं त्या आगगाडीत बसल्यावर म्हणाल्या आणि पर्समधून चिवडा काढून समोरच्या जर्मन आजोबांपुढं धरला. आजोबांनी बराच वेळ विचार करून एक शेंगदाणा उचलला.

रेगेन्सबुर्ग पाहून तेजस्वीचा जीव जरा थाऱ्यावर आला. डॅन्यूब नदी गावाला खेटून वाहते. तिच्यावर आठ-नऊशे वर्षांचा दगडी पूल, मागं चर्चचे दोन टोकदार मनोरे, आणि त्यांच्यामधून अंग चोरून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. कुवेतमध्ये दोन इमारतींमध्ये जायचं तरी गाडी काढणाऱ्या या दोघी सकाळभर पायपीट करत होत्या. आपा गुडघ्याला हात लावून, पण तोंडानं एकसारखं वा वा करत. पुलाच्या तोंडाशी उंच छपराची एक प्रचंड जुनी इमारत होती. तिथं पूर्वी मीठ साठवत, असं पाटीवर वाचल्यावर आपांचं हसू थांबेना.

"जन्मभर ज्याला पाण्यातून हाकलून लावलं, त्याला इथं एवढा बंगला!"

त्या इमारतीच्या सावलीत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजीबाई काळ्या पायघोळ अबायात, एका डोळ्यावर पट्टी. आजोबांच्या अंगात कोट, पण पायात सपाता आणि हातात जपमाळ. ते बायकोला काहीतरी म्हणाले, आणि आपांचे कान टवकारले. ती अरबी कुवेतची होती. मग काय विचारता! आपा सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभ्या. "शलोनच, उम्मी?" कशी आहेस, आई?

आजीबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले ते सोडेचनात. उम्म नासिर आणि अबू नासिर, म्हणजे नासिरचे आईबाप. उम्म नासिरच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं इथं आले होते. मुलगा बरोबर होता, पण कामासाठी त्याला चार दिवस कुवेतला जावं लागलं. अबू नासिर म्हणाले, "हॉटेल, दवाखाना, हॉटेल. इथं आल्यापासून कुणाच्या घराचा उंबरा पाहिला नाही, बाई. आपल्याकडं रोज संध्याकाळी माझ्या दिवाणियात, बैठकीच्या खोलीत, माणसं येतात. इथं मी भिंतीशी बोलतो."

आपांनी तेजस्वीकडं पाहिलं. ती नजर तेजस्वीच्या चांगल्या ओळखीची होती.

"आपा, नाही हं," ती घाईघाईनं म्हणाली. "तिथं आपल्याला बोलावलंय."

"तेच सांगते मी. बोलावलंय ना? मग!"

तेजस्वीनं पुढं बोलायला हवं होतं. पण उम्म नासिर तिच्याकडं त्या एका डोळ्यानं इतकी आशेनं पाहत होती की तिची जीभ उचलेना. चौघं पूल ओलांडून पलीकडच्या वस्तीत निघाले.

हुबरबाईंनी दार उघडलं, चौघांना पाहिलं, आणि त्या तशाच थांबल्या. आपांनी हसून ओळख करून दिली. कुवेतहून आलेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, फार चांगली माणसं आहेत.

"मी दोघींना बोलावलं होतं," हुबरबाई म्हणाल्या. रागानं नव्हे, तापमापकावरचा आकडा वाचावा तसं.

"हो ना!" आपा मनापासून म्हणाल्या. "पण काही काळजी नको, आम्ही सरकून बसू."

सरकून बसायला जागा हवी ना. तळमजल्यावरचं ते छोटंसं, चकचकीत घर. टेबलाला तीन खुर्च्या, त्यावर तीन बशा, तीन कप, आणि मधोमध बेकरीतून आणलेले प्लमच्या केकचे तीन तुकडे. हुबरबाईंनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, मग आंघोळीच्या खोलीतलं. त्यांच्या गालावर लाली चढत होती. आपांना ती दिसली नाही. त्यांनी आपल्याच घरी असल्यासारखी सुरी उचलली आणि तीन तुकड्यांचे सहा केले. "एक उरला बघा," त्या आनंदानं म्हणाल्या आणि तो उम्म नासिरच्या बशीत घातला.

तेजस्वीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तिच्या अर्जावर एक अक्षर निघालं नाही. अबू नासिर समुद्रातून मोती काढणाऱ्या आपल्या आजोबांच्या गोष्टी सांगत होते, आपा त्यांचं इंग्रजी करत होत्या, हुबरबाई ताठ बसून ऐकत होत्या. मधेच अबू नासिरनी नमाजासाठी दिशा विचारली. हुबरबाई खिडकीशी गेल्या, बाहेर पाहिलं, म्हणाल्या, "आग्नेयेकडं असावी. नक्की मला माहीत नाही." हे 'नक्की माहीत नाही' म्हणणं त्यांना जड गेलेलं तेजस्वीला दिसलं. म्हाताऱ्यानं घरातल्या अरुंद बोळात पायपुसण्याशेजारी जागा करून नमाज पढला. येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडून जावं लागलं असतं.

निघताना हुबरबाईंनी सगळ्यांशी हात मिळवले. तेजस्वीला म्हणाल्या, "आपलं बोलणं झालं नाही. उद्या तीन वाजता." आणि दार लागलं.

जोडप्याला हॉटेलवर सोडलं. मग मात्र भर गल्लीत तेजस्वीचा बांध फुटला.

"काहून आणलंत त्यांना, आपा? माझी मुलाखत होती ती! तुमचं काय, तुमचं सगळं झालंय. नोकरी, डॉक्टरेट, घरदार. माझं सगळं त्या एका जागेवर अडकलंय. आयजीच्या जिवावर बायजी उदार! तुम्हाला पुण्य पाहिजे तर तुमच्या घरी बोलवा की लोकांना. दुसऱ्याच्या टेबलावर कशाला?"

चार पावलं गेल्यावर आपा एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. कुवेतमध्ये चार वर्षांत तेजस्वीनं त्यांना असं मधेच खाली बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मला कळलंच नाय गो," त्या म्हणाल्या. "सुरी उचलली तेव्हा तिच्या तोंडाकडं बघाया हवं होतं. मी आपली बशीकडं बघत होते." मग म्हणाल्या, "चुकलं माजं. उद्या तू एकटी जा. मी येनार नाय. त्यांनाबी सांगते, येऊ नका."

त्या संध्याकाळी हुस्नाआपा लॉजच्या खोलीत दार लावून एकट्याच जेवल्या. तेजस्वीला ते सकाळी कळलं, खिडकीत ठेवलेली एकच बशी पाहून. तिला वाईट वाटलं, पण राग अजून पुरता गेला नव्हता. राग असाच असतो. तो जायला निघाला तरी उंबऱ्यात रेंगाळतो.

रविवारी सकाळी आपा तिच्या आधी उठून तयार. हुबरबाईंसाठी काहीतरी भेट घेऊ म्हणून त्या तिला बाजारात घेऊन गेल्या. बाजार कडेकोट बंद. कुवेतमध्ये रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. तीस वर्षांची ती सवय इथं तोंडावर आपटली. आपा कुलपांकडं बघून म्हणाल्या, "आता हातात काय नाय. डोक्यात हाय तेवढंच घेऊन जा." आणि नदीकाठानं चालवत त्यांनी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. पाणी गाळायच्या पडद्यावर क्षार का धरतो? धरू नये म्हणून तू काय करशील? तुझं उत्तर खोटं ठरलं तर? चुकली की थांबवायच्या, पुन्हा पहिल्यापासून. एवढा मोठा व्याप सांभाळणारी बाई, काल जिनं तिला वाट्टेल ते सुनावलं तिच्याचसाठी भर उन्हात दुखऱ्या गुडघ्यानं फेऱ्या मारत होती. कौतुक करावं तर असल्या माणसाचं. तेजस्वीला ते तेव्हा करता आलं नाही, एवढं खरं.

तीनच्या ठोक्याला तिनं घंटी वाजवली. हुबरबाईंनी दार उघडलं. त्यांनी तेजस्वीकडं पाहिलं आणि मग तिच्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं पाहिलं.

"बाकीचे?"

"मी एकटीच आलेय," तेजस्वी म्हणाली. हे वाक्य तिनं पाठ करून आणलं होतं. "कालच्याबद्दल माफ करा. आज तुमचा वेळ वाया जाणार नाही."

हुबरबाईंनी नुसती मान हलवली आणि तिला आत नेलं.

टेबल कालचं नव्हतं. म्हणजे टेबल तेच, पण मधे फळी घालून लांब केलेलं, वर पांढरी चादर. भोवती खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. एक लाकडी, दोन प्लॅस्टिकच्या, एक बागेतली. मधोमध ओव्हनचा अख्खा ट्रे, प्लमचा केक, घरी केलेला, एका कडेला थोडा करपलेला. आणि पलीकडच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला सरकवलेलं. मोकळ्या फरशीवर धुतलेली चादर, आणि तिच्या डोक्याशी चिकटपट्टीनं काढलेला एक सरळ बाण.

तेजस्वी त्या बाणाकडं पाहतच राहिली.

"काल मला दिशा नेमकी सांगता आली नाही," हुबरबाई म्हणाल्या. "आज काढली. बसा. आधी आपलं काम करू."

रिकाम्या खुर्च्यांच्या मधे बसून तेजस्वीनं मुलाखत दिली. प्रश्न कठीण होते, पण बहुतेक आपांनी सकाळी विचारलेलेच. पडद्यावर क्षार का धरतो इथपासून तुझं उत्तर खोटं ठरलं तर इथपर्यंत. ती धडाधड बोलत गेली. बोलताना नजर मात्र सारखी त्या बागेतल्या खुर्चीकडं जात होती. हुबरबाईंची पण.

शेवटी हुबरबाईंनी चष्मा काढून ठेवला. "जागा तुमची आहे. ऑक्टोबरपासून या."

तीन वर्षं ज्या वाक्यासाठी तिनं रात्रीचा दिवस केला होता ते वाक्य असं समोर येऊन पडलं. तेजस्वी आभार मानू लागली, तर हुबरबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"मला एक सांगायचं आहे. काल मला राग आला होता. त्यांचा नाही. माझ्या घरात पाचव्या माणसाला बसायला खुर्ची नाही, याचा. आईला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून या टेबलाची फळी तळघरात पडून होती. या खुर्च्या मी सकाळी शेजाऱ्यांकडून मागून आणल्या. इतकी वर्षं शेजारी राहते, त्यांच्या दारात पहिल्यांदा गेले." त्यांनी केकचा ट्रे जरा पुढं सरकवला. "पाहुण्यांची मला सवय नाही. किती करावं याचा अंदाज येत नाही, म्हणून केक जास्त केला. मला वाटलं, डॉक्टर परकार सगळ्यांना घेऊन येतील."

तेजस्वी उठली. "आलेच," एवढं म्हणून ती निघाली. तिनं ओढणीसुद्धा खुर्चीवरच टाकली होती. अंबाजोगाईच्या शाळेत धावली असेल तेवढीच, त्यानंतर ती आज धावली. पुलावर फोटो काढणारी माणसं बाजूला होत होती.

ठरल्याप्रमाणे आपा पलीकडच्या टोकाशी नदीकाठी बाकावर वाट पाहत होत्या, शेजारी ते जोडपं. आपांनी तिला धावत येताना पाहिलं आणि त्या उभ्या राहिल्या. चेहरा उतरला.

"नाय झालं?"

"झालं आपा! जागा मिळाली."

आपांनी आभाळाकडं बघून अल्लाचं नाव घेतलं, मग तिला कवेत घेतलं, मग अरबीत ओरडून जोडप्याला सांगितलं. अबू नासिर मबरूक, मबरूक म्हणत टाळ्या वाजवू लागले. उम्म नासिरनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आपांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"चला," तेजस्वी धापा टाकत म्हणाली. "सगळे चला. पानं वाढलीत."

आपांनी पिशवी उचलायला हात नेला होता. तो तिथंच थांबला.

"आमाला बोलावलंय काय पन, तेजू?" त्यांनी विचारलं. "का तूच आपली नेतेस?"

हुस्ना परकार! कुवेतमध्ये जिच्यासाठी कुणाचं दार बंद नसतं, कुणाच्या थाळ्याभोवती जिला जागा विचारावी लागली नाही, ती बाई पिशवी सोडून उभी होती आणि विचारत होती, आम्हाला बोलावलंय का. असं विचारायचं असतं हे तिला कालच्या एका संध्याकाळी तेजस्वीनं शिकवलं होतं. तेजस्वीला वाटलं, ती जागा, ती डॉक्टरेट, सगळं कुणी परत मागितलं तरी चालेल, पण हा प्रश्न आपांच्या तोंडी पुन्हा येता कामा नये.

"बोलावलंय, आपा. माझ्या आईची शपथ. तुमचं नाव घेऊन बोलावलंय. शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागून आणल्यात हुबरबाईंनी."

"खरं सांगतेस?"

"खरं."

उम्म नासिरला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. पण कुणीतरी जेवायला बोलावतंय हे माणसाला कुठल्याही भाषेत कळतं. ती तेजस्वीच्या खांद्याला धरून केव्हाच उठली होती. आपांनी मात्र पिशवी उचलली ती सावकाश, आणि पूल ओलांडेपर्यंत त्यांनी आणखी एकदा विचारलं. तेजस्वीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि आणखी एकदा सांगितलं.